औंढेकर सरांची उजवी रक्तवाहिनी

तार तिसऱ्यांदाही खालीच गेली.

उजव्या मनगटातून घातलेली तार दंडातून वर येते, खांद्याखालून छातीत शिरते आणि हृदयाकडे वळते. दिवसातून सहा-सात वेळा मी ते पडद्यावर बघत असे, त्यात बघण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. त्या सकाळी मात्र ती खांद्यापर्यंत शहाण्यासारखी आली, गळ्याच्या मुळाशी पोचली आणि हृदयाकडे पाठ करून कण्याच्या कडेकडेनं पोटाच्या दिशेनं चालू लागली. मी ती मागे ओढली, रुग्णाला खोल श्वास घ्यायला लावला, पुन्हा सरकवली. पुन्हा तेच.

"सोनटक्के, काय चाललंय?" टेबलावरून आवाज आला.

"काही नाही सर. वळण जरा अवघड आहे."

"वळण अवघड आहे, की तिथं वळणच नाही?"

अँजिओग्राफीच्या टेबलावर माणूस जागा असतो. पण जागे असलेले लोक छताकडे बघत देवाचं नाव घेतात. औंढेकर सर मान तिरकी करून पडदा बघत होते. पडदा त्यांच्या बाजूला वळवावा अशी त्यांची अटच होती. मी ती मान्य केली होती, कारण शरीरात काय कुठं असतं हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

तार का वळत नाही हे मला दुसऱ्या खेपेलाच कळलं होतं. पण जगात एकच माणूस असा होता ज्याच्यासमोर ते कारण उच्चारायची मला लाज वाटत होती, आणि तोच समोर पडला होता.

डॉ. दिगंबर औंढेकर म्हणजे आमच्या मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागाचे प्रमुख. एकतीस वर्षं त्यांनी तिथं काढली. त्यांचा एकच ध्यास होता, मान आणि छातीच्या वरच्या भागातल्या रक्तवाहिन्या. पुस्तकात त्या एकाच तऱ्हेनं काढलेल्या असतात. सर म्हणायचे, "माणसं पुस्तक वाचून जन्माला येत नाहीत." हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या कमानीवरून तीन फांद्या फुटतात असं पुस्तक सांगतं. कुणाला दोनच असतात, कुणाला चार. कुणाच्या गळ्यासमोर एक जास्तीची बारीक वाहिनी चढत गेलेली असते आणि ती माहीत नसली तर सर्जनचा घात होतो. डिसेक्शन हॉलमध्ये आलेल्या प्रत्येक देहाची मान सर स्वतः बघत आणि वेगळं काही दिसलं की जाडजूड वहीत त्याचं चित्र काढत. त्या वहीत सगळे प्रकार होते. एक सोडून.

त्या एकाला आर्टेरिया लुसोरिया म्हणतात. उजव्या हाताची रक्तवाहिनी कमानीवरून सगळ्यांत आधी निघायला हवी. शंभरातल्या एखाद्या माणसात ती सगळ्यांत शेवटी निघते, तीही डावीकडून, आणि अन्ननलिकेच्या मागून आडवी होत उजवीकडे जाते. "थोरल्या जावयानं पंगतीला उशिरा यावं," सर वर्गात सांगायचे, "आणि सगळ्यांच्या पाठीमागून वाट काढत आपल्या पाटापर्यंत जावं, तशी." नावाचा अर्थही ते सांगायचे. निसर्गानं केलेली थट्टा. शंभरात एक या हिशेबानं त्यांना दोन-तीन तरी भेटायला हव्या होत्या. एकही भेटली नव्हती.

आम्ही पहिल्या वर्षाला होतो तेव्हा चार नंबरच्या टेबलावर माझ्या हातून एक घोटाळा झाला. चरबी काढता काढता माझा चाकू घसरला आणि उजव्या हाताची रक्तवाहिनी मुळाशी कापली गेली. सर ओरडतील या भीतीनं मी जर्नलमध्ये तिचं चित्रच बदललं. पुस्तकात बघून लुसोरिया काढली आणि खाली लिहिलं, 'वाहिनी अन्ननलिकेच्या मागून आलेली दिसली, डिसेक्शनमध्ये तुटली.' मला वाटलं, एवढी जर्नलं, कोण बघतंय.

सरांनी बघितलं. स्टाफरूममधून दोन जिने उतरून ते धावत हॉलमध्ये आले. एका पायात चप्पल नव्हती. हातमोजे न घालताच चार नंबरवर वाकले. वीस-पंचवीस मिनिटं एकेक धागा सोडवत राहिले. मग त्यांनी चिमट्यानं वाहिनीची दोन तुटकी टोकं उचलली, दोन्ही उजवीकडेच, पुस्तकातल्या जागी होती, आणि एकमेकांजवळ आणली. ती तंतोतंत जुळली.

"सोनटक्के," ते शांतपणे म्हणाले, "ही दोन टोकं एकमेकांना ओळखतात. तुला नाही ओळखत."

ती टर्म मी डिसेक्शन हॉलच्या बाहेर काढली आणि परीक्षा सहा महिने उशिरा दिली. शिक्षेचं काही नाही. पण जिन्यावरून धावत येतानाचा त्यांचा चेहरा मी बघितला होता.

आता सव्वीस वर्षांनी, छातीत दुखतं म्हणून माझ्याकडे आलेल्या त्याच माणसाला मी परत एकदा सांगणार होतो, सर, लुसोरिया आहे.

"सर, मला असं वाटतं की..."

"वाटून घेऊ नकोस. डाय सोड."

मी डाय सोडला. पडद्यावर काळी रेघ उमटली. कमानीच्या अगदी शेवटाकडून, डावीकडून निघालेली आणि तिरकी वर चढत उजव्या खांद्याकडे गेलेली. दीड-दोन सेकंद, आणि ती पुसली गेली.

"परत दाखव," सर म्हणाले.

मी रेकॉर्डिंग परत लावलं.

"अजून एकदा."

मॉनिटरवर त्यांची नाडी सत्तरवरून एकशे बारावर गेली. सिस्टर घाबरून माझ्याकडे बघू लागली. मी तिला हातानंच थांब म्हटलं.

"दोनशे बहात्तर," सर म्हणाले.

"काय, सर?"

"देह. दोनशे बहात्तर देह बघितले मी." त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळून कानात गेलं. ते हसत होते की काय, मला कळलं नाही. हात बांधलेले असल्यामुळे त्यांना ते पुसता येईना. सिस्टरनं पुसलं. मग ते एकदम मास्तर झाले. "आता काय बघत बसलास? मांडीतून जा. हृदय राहिलंय ना बघायचं."

मी मांडीतून गेलो. हृदयाच्या एका वाहिनीत ऐंशी टक्के अडथळा होता, तिथं स्टेंट बसवला. त्याबद्दल सरांनी एक शब्दही विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सी.टी. झाला आणि शंका उरली नाही. सरांच्या खोलीला लग्नघराची कळा आली. जुने सहकारी आले, विद्यार्थी आले, ज्यांचं सरांशी बारा वर्षं बोलणं नव्हतं ते फॉरेन्सिकचे प्रमुखही आले. सर प्रत्येकाला फिल्म उजेडासमोर धरून दाखवत आणि थोरल्या जावयाची गोष्ट सांगत. कोपऱ्यातल्या स्टुलावर त्यांच्या पत्नी, इंदूकाकू, बसलेल्या असत. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. आल्यागेल्याला पाणी देत आणि परत स्टुलावर जाऊन बसत.

घरी सोडण्याच्या दिवशी मी कागद पूर्ण करत होतो. एक प्रश्न राहिला होता. लुसोरिया असली की तो विचारायचाच असतो. सरांनीच एकतीस बॅचेसना तो घोकून घेतला होता. ही वाहिनी अन्ननलिकेला मागून दाबते, तेव्हा रुग्णाला पहिला प्रश्न काय?

"सर, घास अडकतो का?"

"नाही," सर म्हणाले. "सुदैवानं मला कसलंही लक्षण नाही."

इंदूकाकू मोसंबं सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कसला घास, डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना बोटांनी दाखवलं. हे बोट म्हणजे अन्ननलिका, ही मागून गेलेली रक्तवाहिनी. घास इथं येतो आणि जागा अरुंद असली तर अडतो.

"कोणताही घास?"

"नाही. कोरडा असेल तर."

"भाकरीसारखा?"

"हो."

"आणि दुधात कुस्करून काला केला तर?"

"तो जातो."

"वरणभात?"

"तोही जातो."

त्या एखाद्या मुरलेल्या फिजिशियनसारखे प्रश्न विचारत होत्या. सर म्हणाले, "इंदू, तुझं काय मध्येच?"

"मी यांना विचारतेय," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आणि हे जन्मापासून असतं?"

"रक्तवाहिनी जन्मापासूनच असते, काकू."

त्यांनी मान हलवली आणि मोसंबं सोलायला लागल्या. फोड काढून सरांच्या हातावर ठेवली. मी निघालो तशा त्या माझ्यामागून बाहेर आल्या. लिफ्टसमोर लोखंडी बाक होतं, तिथं बसल्या आणि मला बसा म्हणाल्या.

"लग्न होऊन आठ दिवस झाले होते," त्या म्हणाल्या. "मी पहिल्यांदा भाकरी केली. माहेरी माझ्या भाकरीचं कौतुक होतं. चुलत्यांच्या शेतावर वीस माणसांच्या मी एकटी थापायची. यांनी पहिला घास घेतला आणि डोळे पांढरे केले. पाणी, पाठीवर थापट्या, सगळं झालं. सासूबाई म्हणाल्या, इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लं, कधी ठसका लागला नाही. आणि ते खरंच होतं. एकुलता एक मुलगा, त्या रोज दुधात काला करून द्यायच्या. कोरडी भाकरी यांनी कधी खाल्लेलीच नव्हती."

"सर काय म्हणाले?"

"हे म्हणाले, घशाखाली उतरत नाही. एवढंच. यांना जास्त बोलायची सवय नाही."

लिफ्ट आली, माणसं उतरली, गेली. मग काकू परत बोलू लागल्या. त्यांनी तीन गिरण्या बदलल्या. बार्शीहून ज्वारी मागवली. उकळत्या पाण्यात पीठ मळून बघितलं, नणंदेशेजारी बसून तिच्या हाताकडे बघितलं. घास अडकायचा तो अडकलाच. घरात कार्य निघालं की काकूंना तव्यापासून उठवून भाजी चिरायला बसवायचे. पुढं पुढं सगळ्या भावकीत तो बोलण्यातला दाखलाच झाला. एखादी वस्तू कडक निघाली की म्हणायचे, दिगंबरच्या बायकोची भाकरी.

"मग मी भाकरी सोडली. स्वतःसाठीसुद्धा करत नाही. एकोणचाळीस वर्षं पोळ्या करतेय, त्याही हे वरणात कुस्करून खातात."

"आणि सासूबाई?"

"त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली. नणंद गेल्या वर्षी गेली." त्यांनी पदर सारखा केला. "सांगायला कुणी राहिलं नाही हो."

महिन्याभरानं सरांनी मला घरी बोलावलं. त्यांनी स्वतःच स्वतःवर शोधनिबंध लिहिला होता. एकतीस वर्षं न सापडलेली वाहिनी, तिचं वर्णन दुसऱ्या कुणी केलेलं त्यांना चालणार नव्हतं. अँजिओग्राफी मी केली म्हणून सहलेखक मी. कच्चा मसुदा टेबलावर होता, सहीची जागा सोडलेली. मी वाचत गेलो. वर्णन असं की वाचताना वाहिनी बोटाखाली लागावी. मग रुग्णाची माहिती आली. 'गिळण्याचा कोणताही त्रास नाही. पूर्वीही नव्हता.'

"सर, हे वाक्य..."

"काय त्याचं?"

"काकू म्हणाल्या..."

"ती डॉक्टर नाही."

"रुग्णाची हकिकत आपण घरच्यांनाही विचारतो, सर."

"रुग्ण बेशुद्ध असेल तर. मी शुद्धीवर आहे." त्यांनी चष्मा काढला. "मला भाकरी आवडत नव्हती. आवड हे काही लक्षण नाही."

"का आवडत नव्हती?"

सर उत्तर द्यायला तोंड उघडून थांबले. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला.

"सर, मी यावर सही करणार नाही."

"तू?" ते म्हणाले. "तू मला हे सांगणार? चार नंबरच्या टेबलावरचा तू?"

"म्हणूनच, सर."

त्यांनी मसुदा माझ्या हातातून घेतला, कागदांच्या कडा जुळवल्या आणि फाइलमध्ये ठेवला. चहा आला. मी एकट्यानं प्यायलो. काकूंनी दारापर्यंत येऊन चप्पल पुढं सरकवली. त्यानंतर सर तपासणीलाही आले नाहीत. गोळ्या चालू ठेवायला ते दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेल्याचं मला कंपाउंडरकडून कळलं. मला वाटलं, माझं आणि सरांचं खातं दुसऱ्यांदा बंद झालं.

दोन महिन्यांनी कुरियरनं पाकीट आलं. सोबत चिठ्ठी नव्हती, नवा मसुदा होता. मी थेट रुग्णाची माहिती काढली. तिथं इंग्रजीत, सरांच्या नेहमीच्या कोरड्या शैलीत, असं लिहिलं होतं: 'कोरडं अन्न गिळायला लहानपणापासून अडचण. आईनं मऊ अन्न दिल्यामुळे ती लक्षात आली नाही. लग्नानंतर रुग्णानं हा स्वयंपाकातला दोष मानला. माहिती देणारी व्यक्ती: पत्नी. विश्वासार्हता: पूर्ण.'

मी सही केली आणि त्याच दिवशी पाकीट परत पाठवलं.

निबंध छापून यायला वर्ष लागलं. संपादकांनी स्वयंपाकाचं वाक्य काढून टाकलं, ते शास्त्रीय नाही म्हणून. बाकीचं राहिलं. दोन प्रती माझ्या पत्त्यावर आल्या, एक सरांची आणि एक कॉलेजच्या लायब्ररीला द्यायची. मी दुपारी त्यांच्या घरी गेलो तर सर झोपले होते. काकूंनी त्यांना उठवलं नाही. मला आत स्वयंपाकघरातच बसवलं.

"सर कसे तयार झाले, काकू?" मी विचारलं.

"तयार कुठले. तुम्ही गेल्यावर आठवडाभर धुसफुसत होते. मग एका सकाळी म्हणाले, भाकरी कर. मी म्हटलं, पीठ नाही. तर स्वतः जाऊन ज्वारीचं पीठ घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा गिरणी बघितली असेल." त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "बसले. दूध नाही, आमटी नाही. पाण्याचा तांब्याही लांब ठेवायला लावला. समोर वही आणि मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलेलं. एक घास घ्यायचा, घड्याळ बघायचं, लिहायचं. परत एक घास. चेहरा लाल, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, पण उठेनात. अर्धी भाकरी खायला पाऊण तास लागला."

"आणि मग?"

"मग वही मिटली. दोन तांबे पाणी प्यायले. हात धुवायला गेले, तिथून म्हणाले, भाकरी चांगली झाली होती." त्यांनी पदरानं ओटा पुसला. तो स्वच्छच होता. "पाठ माझ्याकडे होती. तरी म्हणाले."

मी अंक त्यांच्यापुढं उघडून ठेवला. चित्रं, सी.टी.चे फोटो, बाण. काकूंनी सगळं बघितलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

"ते कुठं आहे? माझं?"

मी ओळीवर बोट ठेवलं आणि मराठीत वाचून दाखवली. माहिती देणारी व्यक्ती, पत्नी. विश्वासार्हता, पूर्ण.

"यात माझं नाव आहे?"

"नाव नसतं, काकू. नियम असतो तसा. रुग्णाची ओळख कळता कामा नये."

"म्हणजे यांचंही नाही?"

"लेखक म्हणून वर आहे. रुग्ण म्हणून नाही. इथं फक्त चौसष्ट वर्षांचा पुरुष असं आहे."

"मग ही कुणाचीही बायको असेल," काकू म्हणाल्या.

आतल्या खोलीत सरांचा घोरण्याचा आवाज मधेच तुटला, परत सुरू झाला. काकूंनी माझ्या खिशाला लावलेलं पेन काढून घेतलं. दोन्ही अंक उलटून बघितले.

"यातला लायब्ररीत जायचा कोणता?"

"कोणताही. दोन्ही सारखेच आहेत."

त्यांनी एक निवडला. मी दाखवलेल्या ओळीशेजारी, समासात, शाळेत गिरवलेल्या वळणदार अक्षरात लिहिलं: सौ. इंदुमती दिगंबर औंढेकर. अक्षर वाळू दिलं. मग पान वरपर्यंत बोटानं चाचपत विचारलं, "आणि ते चौसष्ट वर्षांचा पुरुष म्हणालात, ते कुठं आहे?"

मी दाखवलं. त्यांनी तिथंही नाव लिहिलं, डॉक्टरसकट. पेन टोपण लावून माझ्या खिशात परत अडकवलं आणि अंक माझ्या हातात दिला.

"आजच नेऊन द्या," त्या म्हणाल्या. "हे उठायच्या आत."